भांड्यावर नाव कोणाचं? पहिल्या संसाराच्या सामानाची गोष्ट

आजचा भाग सुरू करायच्या आधी एक छोटं काम सांगतो. घरी असाल तर स्वयंपाकघरात जा आणि घरातलं सगळ्यात जुनं भांडं शोधा. माळ्यावरचा पितळी डबा असेल, तांब्याचा हंडा असेल, नाहीतर आईच्या लग्नातलं स्टीलचं ताट. ते जरा उलटंपालटं करून काठाजवळ बघा. बहुतेक तिथे एखादं नाव सापडेल. पितळेवर ठोकून काढलेलं, ठिपक्या-ठिपक्यांचं. स्टीलवर मशीनने कोरलेलं, बारीक, थोडं वाकडं. सोबत कदाचित तारीख आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’.

आता हे नाव कोणाचं आहे ते वाचा. आजीचं? आजोबांचं? आजीच्या वडिलांचं? की देणाऱ्या एखाद्या मामाचं? ते लक्षात ठेवा, कारण आजची गोष्ट त्या नावाचीच आहे.

तुमच्यातले बरेच जण सध्या पहिलं घर लावताय. कोणी हिंजवडीत वन बीएचके भाड्याने घेतलंय, कोणी लग्न करून डोंबिवलीत राहायला गेलंय. गादी, गॅस, कुकर, मिक्सर, बादली, यादी काही संपत नाही. पण ही यादी कुठून आली? शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नवा संसार मांडताना काय लागायचं, ते यायचं कुठून, आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या मालकीचं असायचं?

दुकान नसलेला संसार

जुन्या काळातल्या गावात चला. तिथे नवं जोडपं सामान आणायला दुकानात जात नसे, कारण बहुतेक सामान गावातच बनायचं. पाणी भरायचे डेरे, मडकी, गाडगी कुंभाराकडून. पाट, पोळपाट, लाटणं, रवी सुताराकडून. तवा, विळी, कोयता लोहाराकडून. पाटा-वरवंटा आणि जातं पाथरवटाकडून. जातं घासून गुळगुळीत झालं की त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून घ्यायचं. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. त्यांना प्रत्येक वस्तूचे पैसे द्यायचे नसत, सुगीला धान्याचा वाटा जायचा. संसाराचा हा भाग मातीचा, लाकडाचा, दगडाचा. फुटला, झिजला की नवा.

धातूचं मात्र वेगळं. तांब्या-पितळेची भांडी तांबट बनवायचे, कासार विकायचे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासून ती ठोक्यांच्या आवाजासाठी ओळखली जाते. या भांड्यांना सांभाळावं लागायचं. पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट होते, पोट बिघडवते. म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला यायचा, जमिनीत छोटी भट्टी करायचा, भाता मारायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. मग कथिलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसला की भांडं आतून चांदीसारखं.

एवढी कटकट असूनही धातूची भांडी का हवीत? कारण ती वजनावर विकली जायची. हंडा चेपला, फुटला तरी त्याचं तांबं तेवढंच राहायचं. मोडीत दिला तर वजनाप्रमाणे पैसे मिळायचे. ‘मोडीत काढणे’ हा शब्द आपण आज सरकार आणि पुतळ्यांबद्दल वापरतो, पण भांड्याच्या बाबतीत मोड म्हणजे कचरा नव्हता, ती रोकड होती. बँक नसलेल्या गावात घरातला हंडा हीच ठेव. दुष्काळात गहाण टाकायचा, चांगल्या वर्षी सोडवून आणायचा.

आणि म्हणूनच धातूचं भांडं कोणाच्या घरात असावं यावर गावाची नजर असायची. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ मधल्या पुस्तकात एक घटना नोंदवली आहे. अहमदाबाद जिल्ह्यातलं झानू नावाचं गाव, तेव्हा हा जिल्हा मुंबई इलाख्यातच होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या अस्पृश्य समाजातल्या, जरा बऱ्या परिस्थितीतल्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला लागल्या. गावातल्या सवर्णांना हा आपला अपमान वाटला. त्यांनी त्या बायकांना मारहाण केली. पाणी कुठून आणलं यावरून आपल्याकडे झालेला संघर्ष, महाडचा, सगळ्यांना माहीत आहे. पण पाणी कशातून आणलं यावरूनही मार बसत होता. ऐपत होती, विकत घेतलं होतं, तरी वापरायचं नाही. ‘पूर्वी घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती’ असं कोणी हळहळून सांगितलं, की घरोघरी म्हणजे कोणाच्या घरी, हे आपण विचारायला हवं.

रुखवत आणि नाव

ज्यांच्या घरी होती त्यांच्याकडे ती यायची लग्नात. मुलीच्या माहेरून. रुखवत मांडायचं, त्यात फराळाचे पदार्थ, विणलेल्या वस्तू आणि भांडी. हंडा, कळशी, घागर, परात, पातेली, समई, तांब्या-भांडं.

मग त्यावर नाव घालायचं. याला एक साधं कारण होतं. गावात कार्य निघालं की पंगतीसाठी सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची. दोनशे पानं उठल्यावर आपली परात कोणती हे कळणार कसं? दुसरं कारण घरातलंच. एकत्र कुटुंबात वाटणी झाली की चार भावांची भांडी वेगळी काढताना नाव बघायचं.

पण नाव घालायचं कोणाचं? आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलायचं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहायचं. माहेरची हाक मागे राहायची. माहेरच्या भांड्यावर मात्र कधी वडिलांचं नाव असायचं, कधी तिचं जुनं नाव. त्या घरात तिचं पहिलं नाव शिल्लक राहिलेली जागा म्हणजे कधी कधी एवढं एक भांडं.

शास्त्रात याला शब्द आहे, स्त्रीधन. आपल्याकडे वारसा-संपत्तीच्या बाबतीत प्रमाण मानल्या गेलेल्या ‘मिताक्षरा’ परंपरेत, लग्नात आणि लग्नानंतर बाईला मिळालेल्या वस्तू तिच्या, असं होतं. दुष्काळ, आजारपण, धर्मकार्य, कैद अशा अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तर परत देण्याचं बंधन नाही, पण एरवी ते तिचं. कागदावर हे इतकं स्पष्ट होतं. घरात मात्र किल्ल्या सासूकडे असायच्या.

एकशे साठ चौरस फूट

आता मुंबईत या. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर इथून माणसं आली. सुरुवातीला बरेचसे पुरुष एकटेच. त्यांचा मुंबईतला संसार किती? एक ट्रंक, एक वळकटी, एक तांब्या. एका खोलीत अनेकजण, पाळीप्रमाणे झोपायचं. जेवण खाणावळीत. चूल, भांडी, बायकोमुलं सगळं गावाला.

१८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ झालं, १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातलं ठळक चित्र असं, की कामगारांची बहुसंख्य कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. त्यात मोरी, चूल किंवा स्टोव्ह, झोपायची जागा, देव आणि भिंतीवर भांड्यांची मांडणी. खोलीत शिरलं की पाहुण्याची नजर पहिली त्या मांडणीवर जायची. घासून लखलखीत केलेले डबे, उतरत्या उंचीने. घरात कपाट नाही, खुर्ची नाही, पण मांडणी भरलेली पाहिजे. ‘संसार मांडला’ म्हणतो ना आपण, तो या खोलीत अक्षरशः डोळ्यांना दिसायचा.

आणि ही मांडणीच घराची बँक होती. पगार पुरला नाही, संप लांबला, गावाला कोणी आजारी पडलं, की भांडी सावकाराकडे जायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या दिवसांत आधी मंगळसूत्रातलं सोनं गेलं, मग मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरली. मोडीत देताना दुकानदार वजन बघतो, नाव बघत नाही. कितीतरी बायकांची नावं अशी भट्टीत वितळली.

याच गिरणगावात भांड्यांची दुसरीही गोष्ट घडली. एकट्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. स्टोव्ह, पातेली, ताटं एवढंच त्यांचं भांडवल, आणि धान्य भरायला पैसा सावकाराचा, चढ्या व्याजाने. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांचं नाव पहिल्यांदा बँकेच्या खात्यावर आलं.

स्टील आलं, मोड गेली

दरम्यान मांडणीवरचं सामान बदलत होतं. आधी अ‍ॅल्युमिनियम आलं. आपल्या आज्या त्याला जर्मन म्हणायच्या. स्वस्त, हलकं, पण प्रतिष्ठा नाही. मग स्टेनलेस स्टील. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद बनवलं, पण आपल्या घरात ते खऱ्या अर्थाने शिरलं स्वातंत्र्यानंतर. मुंबईजवळ भाईंदरला तर स्टीलच्या भांड्यांचे कारखानेच कारखाने झाले.

बाईच्या दृष्टीने बघा. कल्हई नको. चिंच-ताक काहीही ठेवा, कळकणार नाही. उचलायला हलकं, घासायला सोपं. रोजचे कष्ट खरोखर कमी झाले. त्यामुळे घराघरातून पितळ बाहेर गेलं आणि स्टील आत आलं. पैसे नसतील तर बोहारीण होतीच. जुन्या साड्या, पँटी, शर्ट द्यायचे आणि घासाघीस करून एक पातेलं घ्यायचं. ‘एवढ्यात डबा नाही बसत ताई, अजून एक जरीची टाका’ हा संवाद तुमच्या आईला पाठ असेल. आणि होती भिशी. दहाजणींनी महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, दर महिन्याला एकीला सगळी मिळायची. कितीतरी घरांतला पहिला कुकर भिशीतून आला.

कुकरही याच काळातला. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली. मिक्सरची गोष्ट तर घरातलीच. सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथूर यांच्या बायकोचा परदेशी मिक्सर आपल्या वाटण-दळणापुढे जळाला, त्यातून १९६० च्या दशकात सुमीत मिक्सर आला. पाट्यावर बसून वाटण करणाऱ्या खांद्यांना याची किंमत विचारा. गोदरेजचं लोखंडी कपाट १९२३ पासून बनत होतं, ते आता मध्यमवर्गीय लग्नात हक्काची वस्तू झालं.

पण एक गोष्ट हळूच बदलली. हंड्याची मोड यायची, मिक्सरची येत नाही. जुन्या कुकरला भंगारवाला किती देतो ते विचारून बघा. घरात वस्तू वाढल्या, सोय वाढली, पण वस्तू म्हणजे ठेव हे समीकरण सुटलं. आणि मुलीबरोबर काय काय आलं ही यादी मात्र लांबतच गेली.

यादीचं दुसरं टोक

मंडळी, आता थोडं जड बोलायचं आहे. १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. तरी ‘आम्ही काही मागत नाही, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या’ या एका वाक्याखाली कपाट, फ्रिज, स्कूटर सगळं बसायचं. कमी पडलं तर छळ. १९७० आणि ८० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी परत परत यायची, स्टोव्हचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू. नवा संसार मांडायला आणलेली वस्तूच पुराव्यात यायची. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम ४९८ अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं कलम ३०४ ब.

या दोन्हींच्या मध्ये, १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्याचा निकाल दिला. पंजाबातली ही बाई. सासरहून बाहेर काढल्यावर तिने एकच विचारलं, माझ्या लग्नातल्या वस्तू माझ्या आहेत की नाहीत? न्यायालयाने बहुमताने सांगितलं, आहेत. नवरा-बायको एका घरात राहिले म्हणून स्त्रीधन दोघांचं सामायिक होत नाही. ते नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे विश्वासाने ठेवायला दिलेलं असतं, आणि मागितल्यावर परत दिलं नाही तर तो फौजदारी गुन्हा, विश्वासघाताचा. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून नियम लागू झाले, की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची. वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं आणि सह्या.

जरा आठवा. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. आपल्या पणज्या भांड्याच्या काठावर हेच तर कोरून ठेवत होत्या! सरकारने १९८५ मध्ये जी यादी कागदावर मागितली, ती त्यांनी पितळेवर लिहून ठेवली होती. फरक एवढाच, की तेव्हा ती वाचून न्याय देणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर नावं हळूहळू दुसऱ्या कागदांवरही आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वात मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख झाली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅस जोडणी बाईच्या नावावर. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. कागदावर नाव असलं म्हणजे घरात सत्ता आली असं नाही, हे मिताक्षरेच्या वेळी पाहिलंच आपण. पण नाव नसलं तर भांडायलाही काही हातात राहत नाही.

तुमच्या यादीकडे परत

आता तुमचं घर. गादी रात्री मागवली, सकाळी आली. फ्रिज हप्त्यावर, शून्य टक्के. इथे एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत कुठेतरी बसवलेलं असतं. पणजीचा हंडा पहिल्या दिवसापासून ठेव होता, आपला फ्रिज पहिल्या दिवसापासून देणं आहे. म्हणून फ्रिज घेऊ नका असं मी म्हणत नाही, थंड पाणी सगळ्यांना हवं. पण काय ठेव आणि काय खर्च, हे वेगळं ओळखता यायला हवं.

आणि दुसरं, बिल. अ‍ॅप कोणाच्या नंबरवर आहे त्याचं नाव बिलावर. हप्ता एकाच्या खात्यातून, किराणा दुसऱ्याच्या. दोघं मिळून घर लावतात, पण दोन वर्षांनी कोणी काय आणलं हे आठवत नाही. पार्टनर असो, रूममेट असो, नवरा-बायको असोत, एक साधी यादी करा. फोनवर, एका शेअर केलेल्या शीटमध्ये. वस्तू, तारीख, किंमत, कोणी दिली. बिलांचे फोटो त्यातच ठेवा. लग्नात मिळालेल्या वस्तूंची तर नक्कीच करा, सह्यांसकट. यात अविश्वास नाही. ज्या बायकांनी परातीवर नाव घातलं त्यांचा घरावर अविश्वास नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं, की पंगत उठल्यावर आपलं काय ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

आता ते मघाचं भांडं. ते कोणाच्या नावाचं निघालं ते आम्हाला कळवा. आणि घरात त्या नावाची कोणी बाई असेल, तर हे भांडं कुठून आलं ते तिला विचारा. बहुतेक तिला कोणी कधी विचारलेलं नसेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि तो डबा परत माळ्यावर टाकू नका.